ट्रक एकाचा, पैसे दुसऱ्याला : रत्नागिरी ते नागपूर सामान नेताना झालेली फसवणूक

घरसामान एका शहरातून दुसऱ्या शहरात नेताना जो अवास्तव स्वस्त दर सांगतो तो लबाड आणि जो बाजारभावाने बोलतो तो सरळ, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या बाबतीत तो खोटा ठरला. ज्याने आम्हाला फसवले त्याचा दर इतरांच्या मधोमध होता, बोलणे अदबीचे होते, आणि त्याच्या छापील कोटेशनमध्ये नाव ठेवायला जागा नव्हती. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. कोकणातून बदली होऊन घाटावर किंवा त्याही पलीकडे जाणाऱ्यांनी तो जरूर वाचावा, कारण इथल्या मालवाहतुकीची घडणच अशी आहे की मधल्या माणसाला हात मारायला भरपूर वाव मिळतो.

माझी बदली रत्नागिरीहून नागपूरला झाली आणि रुजू होण्याची तारीख मे महिन्याच्या अखेरीची होती. हा काळ आंब्याचा. जिल्ह्यातल्या बहुतेक गाड्या पेट्या घेऊन वाशीच्या बाजाराकडे धावत असतात आणि विदर्भाकडे जाणारी गाडी सहजी मिळत नाही. मिळते ती परतीची, म्हणजे तिकडून इकडे माल आणून टाकलेली आणि रिकामे जाण्यापेक्षा मिळेल ते भाडे घेऊन निघायला तयार असलेली. परतीच्या गाडीचे भाडे बरेच कमी असते, पण तिचा पत्ता घरमालकाला लागत नाही, तो दलालाला असतो. दलाल घरमालकाशी पूर्ण दराने ठरवतो, ट्रकमालकाशी परतीच्या दराने ठरवतो आणि मधला फरक ठेवून घेतो. यात गैर काही नाही, धंदाच तसा आहे. गैर पुढे सुरू होते.

खर्चाचा अंदाज आम्ही नीट मांडला होता. गाडीचे भाडे, बांधाबांध, दोन्हीकडची हमाली, विमा, दोन घरांचे एका महिन्याचे दुहेरी भाडे, नव्या घराची अनामत, शाळेचा प्रवेश आणि वेगळे ठेवलेले दहा हजार रुपये. कुवारबावला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो, इमारतीला उद्वाहन नव्हते आणि गल्लीत सतरा फुटी ट्रक वळत नव्हता. त्यामुळे सामान आधी छोट्या हत्तीत भरून हमरस्त्यावरच्या ट्रकपर्यंत न्यायचे होते. ही दुहेरी चढउतार कोटेशनमध्ये लेखी नसेल तर ऐन वेळी हमाल हात बांधून उभे राहतात आणि जागेवरच भाव ठरतो. आम्ही ती लिहून घेतली होती. दुचाकी मात्र या व्यवहारात न घालता रत्नागिरी स्थानकावरून रेल्वेने पाठवली. पेट्रोलची टाकी रिकामी करायची, नोंदणीपत्राची प्रत आणि ओळखपत्र द्यायचे, गाडी गोणपाटात गुंडाळून घ्यायची आणि पावती सांभाळायची, एवढेच काम. आमच्या साऱ्या सामानात ठरल्या पैशांत आणि ओरखडा न उमटता पोहोचली ती तेवढीच.

सामानासाठी तिघांकडून दर घेतले. पहिल्याने ५८,००० सांगितले, दुसऱ्याने ४९,०००, आणि ज्याच्याशी व्यवहार झाला त्या दलालाने ५४,०००. त्यात ४,५०० रुपये विम्याचे होते. त्याने कोल्हापूरचा पत्ता दिला होता आणि माणूस घरी पाठवून सामानाची यादीही करून घेतली होती. नोंदणीचे ५,००० आणि ट्रक भरल्यावर २५,००० असे ३०,००० रुपये त्याला मिळाले. राहिलेले २४,००० नागपुरात सामान उतरल्यावर द्यायचे होते. पैसे ज्या खात्यात गेले ते संस्थेच्या नावाचे नव्हते, एका व्यक्तीचे होते. विचारल्यावर ‘सर, ते आमच्या मॅनेजरचे खाते आहे, बिल फर्मच्याच नावाने येईल’ असे उत्तर आले.

बांधणी चांगली झाली. आजीचे फणसाच्या लाकडाचे कपाट त्या मुलांनी आधी जुन्या चादरीत, मग पन्हाळीदार पुठ्ठ्यात आणि वरून प्लास्टिकच्या पट्ट्यांत असे गुंडाळले की बायकोने कौतुकाने त्यांना आगळाचे सरबत करून दिले. त्यांची मजुरी दलालाने जागेवर चुकती केली. हे मुद्दाम सांगतो, कारण या टप्प्यापर्यंत सगळे खरोखरच व्यवस्थित चालते आणि शंका घ्यायला कारण उरत नाही.

जे खटकण्यासारखे होते ते बिल्टीवर, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या वाहतूक पावतीवर होते. ती कार्बन कागदाची पिवळी प्रत होती. मालाच्या किमतीचा रकाना कोरा, ‘घरगुती सामान, ४६ नग’ एवढाच तपशील, आणि खाली कोपऱ्यात तिरका शिक्का : ‘माल मालकाच्या जोखमीवर’. ट्रकचा क्रमांक बरोबर होता, पण ट्रकमालकाचे नाव नव्हते. कोटेशनवर छापलेला जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होत होता. या क्रमांकाचे पंधरा वर्ण असतात, पहिले दोन अंक राज्याचे आणि पुढचे दहा वर्ण पॅनचे. महाराष्ट्राचा संकेतांक २७ आहे, २९ कर्नाटकाचा. कोल्हापूरच्या पत्त्याला कर्नाटकाचा क्रमांक कसा, याचा उलगडा पुढे जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकून पाहिल्यावर झाला. तो क्रमांक मालवाहतुकीशी काडीचा संबंध नसलेल्या एका दुकानाचा होता आणि रद्द झालेला होता. ही तपासणी कोणालाही फुकट करता येते आणि तिला चहा निवायलाही वेळ लागत नाही.

ट्रक आंबा घाट चढून कोल्हापूर, सोलापूर, नांदेड, यवतमाळ या मार्गाने नऊशे किलोमीटरांहून अधिक अंतर कापून नागपूरजवळ आला आणि बुटीबोरीच्या अलीकडे एका धाब्यावर थांबला. दलालाचा फोन आला. आता २४,००० नव्हे, त्यावर आणखी १८,७०० हवे होते : जादा वजनाचे ९,२००, ‘नागपूर हद्द प्रवेश करा’चे ६,५०० आणि गाडी थांबल्याचे ३,०००. पैसे लगेच न पाठवल्यास सामान गोदामात उतरवले जाईल आणि रोजचे भाडे लागेल, असेही त्याने ऐकवले. गाडी त्यानेच थांबवून ठेवली होती आणि थांबल्याचे भाडे आमच्याकडे मागत होता, हा कावेबाजपणा दाद देण्यासारखा होता.

यातला प्रत्येक आकडा खोटा होता आणि ते का, हे कळून घेणे उपयोगाचे आहे. हद्द ओलांडताना द्यावी लागणारी जकात राज्यात आता कोठेही नाही. शेवटची राहिलेली मुंबईची जकातही १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यावर बंद झाली. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल, म्हणजे माल नेताना काढावा लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागदही लागत नाही, त्यामुळे ‘कागद अपुरे असल्याने दंड झाला’ ही थापही चालत नाही. वजनाच्या पुराव्यादाखल त्याने वजनकाट्याच्या पावतीचे छायाचित्र पाठवले, पण पावतीवरचा ट्रक क्रमांक आमच्या गाडीचा नव्हता आणि रिकाम्या गाडीचे वजन तिच्यावर नव्हतेच. रिकाम्या आणि भरलेल्या, अशा दोन्ही वजनांशिवाय मालाचे वजन निघत नाही. शिवाय आमचा दर वजनावर नव्हे, एकगठ्ठा ठरलेला होता.

मी आणि मेहुणा धाब्यावर गेलो तेव्हा खरी गोम कळली. चालक साध्या स्वभावाचा, वयाने पन्नाशीचा माणूस होता. तो केबिनमधून खाली उतरला आणि ताडपत्रीच्या दोरीच्या गाठीवर हात ठेवून म्हणाला, “साहेब, तुमच्याशी माझं भांडण नाही. त्यानं मला डिझेलपुरते सहा हजार दिलेत. ठरलं अडतीस हजारांचं होतं. मालक म्हणतो, बाकीचे बत्तीस आल्याबिगर दोरी सोडायची नाही.” म्हणजे आमच्या ३०,००० मधून मजुरी आणि हे सहा हजार वजा जाता उरलेली सगळी रक्कम दलालाने खिशात घातली होती. त्याला आमच्याकडून उरलेले २४,००० आणि वरचे १८,७०० उकळायचे होते, आणि ट्रकमालकाच्या तोंडाला पाने पुसायची होती. दरापेक्षा हे जपायला हवे : ज्याच्या हाती सामान असते तो एक, आणि ज्याला आपण पैसे देतो तो दुसरा. या दोघांमधला हिशेब चुकता झालेला नसेल, तर आपण सगळे पैसे देऊनही सामान अडकते.

दलालाला एक पैसाही अधिक पाठवायचा नाही, असे आम्ही ठरवले. जवळच्या पोलीस ठाण्यात आधी ‘हा देण्याघेण्याचा वाद आहे’ असे उत्तर मिळाले. व्यवहार रत्नागिरीत झाला असल्याने तक्रार तिकडे द्या, असेही सांगण्यात आले. हे दुसरे म्हणणे कायद्याला धरून नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि विश्वासघातासाठी ३१६ आहे. ही कलमे लिहिलेला अर्ज पुढे केल्यावर हवालदारांनी ठाण्याच्या फोनवरून दलालाला फोन लावला. त्याने तो घेतला, पोलीस म्हटल्यावर कापला आणि नंतर तो क्रमांक बंदच झाला. १९३० या सायबर मदत क्रमांकावरही तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते आणि खाते रिकामे होते. या क्रमांकाचा उपयोग पैसे गेल्या गेल्या फोन केला तरच होतो.

शेवटी पोलिसांसमक्ष ट्रकमालकाशी बोलणे झाले. त्याच्या स्वतःच्या बिल्टीवर, त्याच्या नावाच्या खात्यात, ट्रक क्रमांकासह पावती घेऊन आम्ही ३२,००० दिले आणि सामान उतरले. ५४,००० चा व्यवहार ६२,००० ला पडला. वेगळ्या ठेवलेल्या दहा हजारांतून वरचे आठ भागले. विम्याच्या नावाखाली घेतलेल्या ४,५०० रुपयांची पॉलिसी कधी काढलीच गेली नव्हती. सोंगटी हलवावी तसे कोणी सामान मध्येच उतरवून पुन्हा भरले असावे, कारण तांब्यापितळेच्या भांड्यांचे एक खोके गायब होते आणि कपाटाचे एक दार बिजागरीपासून उखडले होते. विम्याचे पैसे देताना विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक गाडी सुटण्यापूर्वी हाती पडला पाहिजे. नुसती ‘विमा समाविष्ट’ ही ओळ म्हणजे विमा नव्हे.

कार्यालयाकडून स्थलांतराचा खर्च मिळतो, पण तोही बिलावर. दलालाचे बिल जीएसटी क्रमांक रद्द असल्याने नामंजूर झाले आणि ते ३०,००० माझ्या खिशातून गेले. ट्रकमालकाचे ३२,००० मात्र मिळाले, कारण त्याची बिल्टी खरी होती.

रस्ते मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यात वाहतूकदाराच्या व्याख्येत दलालाचाही समावेश आहे, त्यामुळे ‘मी फक्त मध्यस्थ’ म्हणून त्याला हात वर करता येत नाहीत. मात्र हरवलेल्या किंवा मोडलेल्या मालासाठी दावा करण्यापूर्वी त्याला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत. मालाची किंमत कागदावर जाहीर केलेली नसेल तर भरपाईला मर्यादा पडते. तो कोरा रकाना उगाच कोरा नव्हता. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते आणि व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क लागत नाही. त्यानुसार नोटीस पाठवून आम्ही नागपुरात तक्रार दाखल केली आहे.

दरम्यान चिपळूणच्या एका परिचितांना पुण्याला जाण्यासाठी एक कोटेशन आले आणि त्यांनी ते मला दाखवले. संस्थेचे नाव वेगळे आहे आणि पत्ता कऱ्हाडचा आहे, पण मांडणी तीच आहे, शेवटी ‘विमा समाविष्ट’ ही ओळ तशीच आहे आणि जीएसटी क्रमांक तोच, २९ ने सुरू होणारा. त्यांनी गाडीच्या मालकाचे नाव आणि फोन क्रमांक मागितल्यावर पलीकडून उत्तर येणे बंद झाले.