मोटरहोमच्या दोन बॅटऱ्या: एक सोलापुरी उन्हाळा, पावसाळा आणि थंडी वापरून झाल्यावर

आमची गाडी फोर्स ट्रॅव्हलर, आतून मोटरहोम करून घेतलेली. दोन बेड, छोटा ओटा, १२ व्होल्टचा फ्रिज, छतावर ४०० वॅटचे सोलर पॅनल आणि आत २०० अँपिअर-आवरची लिथियम बॅटरी (एलएफपी वाली, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट). उन्हाळ्याच्या तोंडावर गाडी हातात आली आणि आता गड्डा (जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) संपल्यावर लिहायला बसलेय, म्हणजे मेचं ऊन, पंढरपूर रोडचा पाऊस, भिगवणची थंडी सगळं बघून झालंय. आमच्यात गाडी चालवायचं काम ह्यांचं आणि वायरिंग, मीटर, फ्युज हे सगळं माझ्याकडे, त्यामुळे आकडे माझे आहेत, स्वतः क्लॅम्प मीटर लावून घेतलेले.

गाडी बघायला जो येतो तो एसी चालतो का आणि सोलरवर किती चालतं हे दोनच विचारतो. इंजिनची बॅटरी कशी चार्ज राहते हे आजपर्यंत एकानेपण विचारलेलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त डोकं त्याच बॅटरीला लावावं लागलं. आतली बॅटरी उतरली तर फार तर फ्रिज बंद पडेल, दूध नासेल. इंजिनची उतरली तर गाडी जागची हलत नाही, आणि आताच्या कॉमन रेल डिझेलला नुसता धक्का मारून भागत नाही, कारण ईसीयूलाच (इंजिनचा कंप्युटर) करंट नसला तर इंजेक्टर उघडणार कसे?

सुरुवातीला बॉडीवाल्याने (नाव घेत नाही) दोन बॅटऱ्यांच्या मधे व्होल्टेज बघून जोडणारा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, बसवून दिला होता. हा रिले साधारण १३.३ व्होल्टला जोडतो आणि १२.८ ला सोडतो. दोन्ही बॅटऱ्या लेड-ॲसिड असतील तर उत्तम चालतो, कित्येक वर्षं लोक वापरतायत. कारण इंजिन बंद केलं की लेड-ॲसिड काही तासांत १२.७ च्या आसपास येऊन बसते आणि रिले आपोआप सुटतो. लिथियमचं तसं नाही. ती नुसती पडून असली तरी १३.२-१३.३ दाखवते आणि जवळजवळ रिकामी होईपर्यंत १२.८ च्या खाली उतरतच नाही. त्यामुळे आमच्याकडे गाडी दारात उभी, इंजिन थंड, चावी घरात खिळ्याला, आणि रिलेवरचा लाल दिवा मात्र रात्रभर चालू. म्हणजे दोन्ही बॅटऱ्या कायम एकमेकींना बांधलेल्या.

ते एक वेळ चाललं असतं, पण खरी भीती इंजिन चालू असताना होती. लिथियमचा आतला रोध फार कमी, ती अल्टरनेटरकडून (इंजिनवर फिरून वीज तयार करतो तो) मिळेल तेवढा करंट ओढते. बॅटरी अर्धी रिकामी असताना मीटर लावला तर त्या वायरमधून ७० च्या पुढे अँपिअर जात होते, आणि तेपण आयडलिंगवर, जेव्हा अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो आणि त्याला थंड व्हायला वारा नसतो. रिलेच्या बोल्टवरचा लग (वायरच्या टोकाचं तांब्याचं कडं) काढून बघितला तर तांबं निळसर-काळं पडलेलं आणि त्यावरची प्लास्टिकची स्लीव्ह आक्रसून कडक झालेली, नखाने टिचकी मारली की तुकडा पडायचा. शिवाय फ्युज एकाच टोकाला होता. जिच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे त्या वायरला दोन्हीकडे फ्युज लागतोच, तोपण बॅटरीपासून वीतभर अंतरात, कारण वायर मधेच कुठे चिरडून बॉडीला टेकली तर दोन्ही बाजूंनी करंट येणार.

मग रिले काढून ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवला. माझं सगळ्यात जास्त समाधान ह्या वस्तूवर आहे. अल्टरनेटर काहीही देवो, बीएस-सिक्स गाड्यांमधे बऱ्याच ठिकाणी स्मार्ट अल्टरनेटर असतो आणि तो कधी व्होल्टेज पाडतो कधी वाढवतो, हा मधे बसून आतल्या बॅटरीला तिला हवा तसा १४.२-१४.४ देतो आणि करंट ३० च्या वर जाऊ देत नाही. अल्टरनेटरवर त्याचा लोड ३५-३६ अँपिअर, कारण थोडं उष्णतेत जातं. हिशोब एकदम सोपा झाला. तुळजापूर तासाभराचं, तेवढ्यात ३० अँपिअर-आवर. पंढरपूर दीड तास, ४५ धरा. पुण्याला २५० किलोमीटर, हायवेवर साडेचार-पाच तास, म्हणजे १३५ च्या पुढे, बॅटरी जवळजवळ रिकामी घेऊन निघालात तरी हडपसरला पोचेपर्यंत पाऊण भरलेली. वायर मी १६ ऐवजी २५ स्क्वेअर एमएमची घेतली. पाच मीटर जाऊन पाच मीटर परत म्हणजे दहा मीटरची लांबी, त्यात ३० अँपिअरला १६ च्या वायरमधे साधारण ०.३५ व्होल्ट पडतात, २५ मधे ०.२२. कुणी ६ ची वायर टाकून देत असेल तर घेऊ नका, तिच्यात जवळपास एक व्होल्ट जातो आणि वायर तापते ते वेगळंच.

आता मुख्य मुद्दा. डीसी-डीसी लावला की करंट एकाच दिशेने जातो, इंजिनकडून आत. आधी तो वेडा रिले का होईना पण सोलरचा थोडा माल इंजिनच्या बॅटरीला पोचवत होता. आता तो रस्ता बंद. बसवणारे हे सांगत नाहीत. जुलैत पाऊस होता, कुठे जाणं झालं नाही, गाडी विजापूर रोडला घरासमोर उभी राहिली काही आठवडे. छतावर सोलर, आत बॅटरी शंभर टक्के, फ्रिज मस्त थंड. आणि सेल्फ मारला तर नुसतं टक टक टक. ह्यांनी बोनेट उघडलं, मीटर लावला, ११.६. सासरे कठड्यावर बसून बघत होते, म्हणाले, "वरती एवढी वीज तयार करताय आणि खालची उपाशी की ओ." अगदी नेमकं बोलले.

करंट जातो कुठे ते शोधलं. गाडी लॉक करून अर्धा तास थांबले, कारण ईसीयू आणि सेंट्रल लॉक झोपायला वेळ घेतात, लगेच मोजलं तर चुकीचा आकडा येतो. त्यानंतर ६० मिलीअँपिअर. जीपीएस ट्रॅकर, म्युझिक सिस्टीमची मेमरी, अलार्म, सगळं मिळून. ऐकायला काहीच नाही, पण दिवसाला दीड अँपिअर-आवर आणि महिन्याला ४३-४४, म्हणजे साधारण अर्धी बॅटरी खलास. लेड-ॲसिड १२.४ च्या खाली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरायला लागतं आणि जेवढे दिवस तशीच राहील तेवढं ते कडक होतं, नंतर कितीही चार्ज करा पूर्वीची ताकद येत नाही. त्यात आपल्याकडचं ऊन, २५ अंशाच्या वर दर दहा अंशाला लेड-ॲसिडचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. सोलापुरात मेमधे बोनेटच्या आत काय तापमान असतं ते वेगळं सांगायला नको.

उपाय म्हणून छोटं मेंटेनर युनिट लावलंय, आतल्या बॅटरीतून इंजिनच्या बॅटरीकडे जास्तीत जास्त ५ अँपिअर देणारं. आतली बॅटरी १३.४ च्या वर असेल तेव्हाच चालू होतं, म्हणजे सोलर काम करत असेल तेव्हाच, आणि १३.१ च्या खाली बंद. ढगाळ दिवसात ते आतली बॅटरी चोखत बसत नाही. इंजिनच्या बाजूला १३.६ वर थांबतं आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं, कारण लेड-ॲसिडला उन्हात फ्लोट व्होल्टेज (भरलेली बॅटरी भरलेली ठेवायला लागतो तो) कमी लागतो, अंशाला साधारण ०.०२ व्होल्ट. २५ अंशाला जे १३.६ बरोबर आहे ते ४० अंशाला १३.३ च्या आसपास पाहिजे, नाहीतर पाणी उडतं. उन्हाळ्यात मी त्याची सेटिंग खाली घेणारे. तेव्हापासून सकाळी कधीही मीटर लावला तरी १२.७, आणि गाडी महिनाभर हलली नाही तरी सेल्फ पहिल्या झटक्यात. खर्च इंजिनच्या नवीन बॅटरीपेक्षा कमी.

एक गोष्ट मात्र बघून घ्या. इंजिन चालू असताना डीसी-डीसी इंजिनच्या बॅटरीतून आत ढकलतो, आतला व्होल्टेज वाढला की मेंटेनर तोच करंट परत बाहेर ढकलतो, आणि असं गोल गोल फिरत बसतं, दोन्ही डबे तापतात, फायदा शून्य. म्हणून मेंटेनरच्या वायरमधे इग्निशनवर चालणारा छोटा रिले टाकायचा, चावी लावली की मेंटेनर बंद. अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने पंधरा मिनिटांत करून दिलं.

ज्यांना एवढं वायरिंग नको असेल त्यांनी इंजिनच्या बॅटरीसाठी वेगळं २० वॅटचं पॅनल आणि साधा छोटा कंट्रोलर लावला तरी चालतं. चांगल्या उन्हात दिवसाला चार-पाच अँपिअर-आवर मिळतात, आपली गरज दीडची. माझ्या छतावर जागा उरली नव्हती नाहीतर मीपण हेच केलं असतं.

आणि इंजिनची उतरलीच तर लिथियमवरून थेट जंप मारू नका. डिझेलचा स्टार्टर काही शे अँपिअर ओढतो, लिथियमचं बीएमएस (बॅटरीच्या आतलं संरक्षण सर्किट) शंभर-दीडशेला ट्रिप होतं आणि मग दोन्ही बंद. भिगवणला फ्लेमिंगो बघायला गेलो तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका जोडप्याच्या कॅम्परचं हेच झालेलं. आमच्या इन्व्हर्टरवर साधा २३० व्होल्टचा १० अँपिअरचा बॅटरी चार्जर लावला, तो त्यांच्या इंजिनच्या बॅटरीला जोडून ठेवला आणि चहा टाकला. पाऊण तासाने गाडी चालू. तो चार्जर आता कायम माझ्या सीटखाली असतो.

सोलरबद्दल थोडं. ४०० वॅट हा आकडा पॅनल २५ अंशाला असतानाचा आहे. एप्रिल-मेच्या दुपारी पॅनलचं तापमान ६५ च्या पुढे जातं, अंशाला ०.३५ टक्के धरलं तरी १४ टक्के तिथेच गेले. म्हणून पॅनल छताला चिकटवू नका, खाली दोन-तीन इंच हवा खेळू द्या. धूळ हा आपल्याकडे वेगळाच विषय, रस्त्याकडेला आठवडाभर उभी राहिली की पॅनलवर बोटाने नाव लिहिता येतं, सकाळी ऊन चढायच्या आधी ओल्या फडक्याने पुसायचं. तरीपण चांगल्या दिवशी ११० च्या आसपास अँपिअर-आवर येतात, फ्रिज, दोन बीएलडीसी फॅन, लाइट आणि पंप आरामात चालतो. पावसाळ्यातल्या गच्च ढगात तिसरा हिस्सा येतो, कधी तोपण नाही. एसीचं म्हणाल तर एक टनाचा एसी हजार वॅट तरी घेतो, २०० अँपिअर-आवर म्हणजे अडीच युनिट, इन्व्हर्टरचा तोटा धरून दोन तास. रात्रभर एसी पाहिजे असेल तर १६ अँपिअरच्या पॉइंटजवळच मुक्काम करा.

उन्हाचा फटका चार्जरलापण बसतो. माझ्या डीसी-डीसीच्या डेटाशीटमधे स्पष्ट आहे, ४० अंशाच्या वर दर अंशाला ३ टक्के कमी. बॉडीवाल्याने तो आधी ड्रायव्हर सीटखालच्या बंद कप्प्यात ठेवला होता, तिथे मेमधे ५० अंश भरले, म्हणजे ३० चे २१ अँपिअर झाले. आता बाहेर मोकळ्या जागी उभा बसवलाय. लिथियमची बॅटरी बेडखाली आहे, सायलेन्सरपासून लांब, कारण ५५-६० अंशाला बीएमएस चार्जिंग तोडतं आणि भर दुपारी बंद गाडीत तो आकडा काही फार लांब नसतो.

होळीच्या आत चार्जरवर १२ व्होल्टचा छोटा फॅन थर्मल स्विचसकट बसवणारे, ४५ अंशाला आपोआप चालू होणारा. मेमधे पुणे रोडला दुपारी बारा ते तीन मुद्दाम गाडी काढून आकडे घेते आणि फरक किती पडला ते सांगते.