रात्रपाळी सांभाळून केलेली इग्नेशियन साधना : माझा अभिप्राय

बायबल रोज वाचणाऱ्या, पण प्रार्थनेला बसलं की चार वाक्यांत बोलणं संपून जाणाऱ्या माणसांना इग्नेशियन पद्धतीची ही ऑनलाइन प्रार्थना-साधना मी मनापासून सुचवेन. मी स्वतः परिचारिका आहे, रात्रपाळ्या ठरलेल्या. संडे स्कूलमध्ये अनेक वर्षं शिकवते, त्यामुळे वचनं तोंडपाठ. तरी माझी प्रार्थना म्हणजे विनंत्यांची यादी होऊन बसली होती. म्हणून एका साधनागृहाच्या ऑनलाइन साधनेला नाव दिलं आणि ती पुरी केली.

साधना जुनीच आहे, फक्त पोहोचवायची पद्धत नवी. 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडल्यावर इग्नेशियस लोयोला हा लढवय्या, पुढे संत झालेला, अंथरुणाला खिळला. हाताशी ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा, एवढंच वाचायला होतं. त्याच्या लक्षात आलं, की शौर्याची स्वप्नं रंगवताना मजा वाटते पण मागून मन कोरडं पडतं. ख्रिस्तामागे जाण्याचे विचार मात्र ओसरल्यावरही आनंद ठेवून जातात. या निरीक्षणातून आणि पुढे मान्रेसातल्या एकांतातून त्याची साधना घडली. 1548 मध्ये तिला पोपची मान्यता मिळाली. मूळ रूपात ती साधारण तीस दिवसांच्या मौनात करतात. पण ज्याला कामधंदा सोडता येत नाही त्याने रोज दीड तास काढून ती करावी, अशी सोय इग्नेशियसनेच साधनेच्या पुस्तकातल्या एकोणिसाव्या सूचनेत करून ठेवली आहे. मी केली ती हीच. तिला बहुधा सात-आठ महिने लागतात.

दर आठवड्याला मोजके शास्त्रपाठ येतात. त्यातला एक घेऊन बसायचं, आधी हवी ती कृपा मागायची, प्रसंग डोळ्यांसमोर उभा करायचा आणि शेवटी येशूशी मित्राशी बोलावं तसं बोलायचं. उठल्यावर काय झालं ते वहीत थोडक्यात टिपायचं. रात्री दिवसाकडे देवासोबत मागे वळून पाहायचं. आठवड्यातून एकदा मार्गदर्शिकेशी व्हिडिओवर भेट. माझ्या मार्गदर्शिका एक सिस्टर, म्हणजे कॅथलिक धर्मभगिनी होत्या.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे उजळणी. पाठ झाला म्हणून पुढे जायचं नाही. मन जिथे अडलं किंवा हललं, तिथेच पुन्हा जाऊन बसायचं. पुष्कळ माहितीने जीव तृप्त होत नाही, आतून चव घेतल्याने होतो, असं इग्नेशियस सुरुवातीलाच सांगतो. ते मला बार्तीमयापाशी कळलं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला हा प्रसंग मी मुलांना कितीदा शिकवला असेन. यरीहोबाहेर वाटेच्या कडेला बसलेला आंधळा, त्याची हाक, गप्प राहा म्हणणारे लोक. पहिल्या बैठकीत मी गर्दीत उभी होते. धूळ, धक्काबुक्की, बाकी काही नाही. सिस्टर म्हणाल्या, “तोच पाठ घ्या. जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबा.” दुसऱ्यांदा मी एकाच शब्दावर अडकले. येशू थांबला. यरुशलेमेला निघालेला, पुढे काय वाढून ठेवलंय हे माहीत असलेला माणूस एका हाकेसाठी थांबला. वॉर्डात आम्ही हाकेला ओ देतो तेही चालता चालता. त्या दिवशी मी दुसरं काही वाचलंच नाही. पुढच्या उजळणीत तो माझ्याकडे वळला आणि विचारलं, मी तुझ्यासाठी काय करू? माझी यादी तयार होती, पण त्यातलं काहीच तोंडातून निघेना. बऱ्याच वेळाने एवढंच निघालं, की तू इथे थांब. तेव्हापासून माझी प्रार्थना तिथूनच सुरू होते. यादी असते, पण नंतर.

सिस्टर फार कमी बोलतात, आणि हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण. वचनाचा अर्थ सांगत नाहीत, उपदेश करत नाहीत. माझं सगळं ऐकून घेतल्यावर हमखास विचारतात, “हे त्याला सांगितलंत का?” निर्माणकर्त्याला आणि माणसाला थेट भेटू द्यावं, मार्गदर्शकाने मध्ये लुडबूड करू नये, हाही मूळ साधनेतलाच नियम.

मध्यंतरी एक कोरडा काळ आला. वचनं कागदासारखी, मन वॉर्डात. वेळ कमी करू का, असं मी विचारलं. त्यांनी साधनेतला नियम सांगितला : मन ओसाड असताना आधीचा निर्णय बदलू नये, उलट ठरल्यापेक्षा थोडं अधिकच बसावं. सोबत स्तोत्र 88 दिलं, जे अंधारातच संपतं. पवित्र शास्त्रात अशीही प्रार्थना आहे आणि ती देवालाच उद्देशून आहे, याचा मला फार आधार झाला. कोरडेपणा एका दिवसात गेला नाही, पण बसणं सुटलं नाही.

मी प्रोटेस्टंट मंडळीत वाढले, म्हणून हेही लिहिते. साधनेत मरियेला मध्यस्थीची विनंती आहे, आणि पुनरुत्थित येशू प्रथम आपल्या आईला भेटला असा शुभवर्तमानात नसलेला प्रसंगही आहे. मी अडचण सांगितली. सिस्टरांनी वाद न घालता त्या जागी योहानाचा एकविसावा अध्याय दिला. किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव, आणि ज्याने तशाच विस्तवापाशी उभं राहून येशूला नाकारलं होतं तो त्याचा शिष्य पेत्र. तो आठवडा माझ्या वहीत सगळ्यात जास्त पानं घेऊन बसला आहे.

उणिवाही आहेत. ध्वनिफितींमागे सतत संगीत वाजतं, ते बंद करण्याची सोय नाही. मी लवकरच त्या सोडून स्वतः मोठ्याने वाचू लागले. सुरुवातीची माहितीपत्रकं नको इतकी लांब आहेत. महिन्याची गटभेट मला उपयोगाची वाटली नाही; लोक अनुभव सांगण्याऐवजी भाषण करतात आणि कोणी आवरत नाही.

बायबलचा अभ्यास हवा असेल तर ही जागा नाही, इथे संदर्भ आणि इतिहास जवळजवळ शिकवत नाहीत. नुकतंच जवळचं माणूस गेलेलं असेल किंवा मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर पहिल्याच बोलण्यात सांगा. चांगला मार्गदर्शक घाई करणार नाही, आधी छोटी साधना सुचवेल. आणि नाव देण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या : मार्गदर्शकाने स्वतः ही पूर्ण साधना केली आहे का, आणि त्याच्या कामावर कोणा अनुभवी माणसाची देखरेख आहे का. मला पहिल्या भेटीत सिस्टरांनी उलट माझ्या झोपेबद्दल विचारलं होतं. रात्रपाळी संपवून तशाच बसू नका, आधी झोपा आणि दुपारी बसा, म्हणाल्या. पाळीवाल्यांनी हे नक्की करावं.