तादामी की गोनो? ईशान्य जपानमधल्या दोन रेल्वेमार्गांतली निवड

हातात एकच दिवस आणि मार्ग दोन. तादामी लाइन आइझु-वाकामात्सु ते कोइदे, १३५.२ किमी, साधारण साडेचार तास. २०११च्या पुरात तुटलेला टप्पा २०२२मध्ये सुरू झाला, पण तिथून दिवसाला जेमतेम तीनच फेऱ्या. आरक्षण नाही, त्यामुळे शरदात पानं रंगली की जागेसाठी लवकर रांगेत लागा. मधेच उतरलात तर पुढच्या गाडीसाठी तासन्‌तास थांबायची तयारी ठेवा. तादामी नदीवरच्या पहिल्या पुलाचा प्रसिद्ध फोटो गाडीतून मिळतच नाही. मिशिमा गावात उतरून टेकडी चढावी लागते. गाडीची वेळ आधी टिपून ठेवा, नाहीतर रिकामा पूल!

गोनो लाइनवर समुद्र अगदी रुळांना खेटून. तिथल्या ‘रिझॉर्ट शिराकामी’ या पर्यटक गाडीत सगळी आसनं आरक्षित, अकिताहून आओमोरीकडे जाताना समुद्राकडची ‘ए’ रांग मागा, ती आधी संपते. सेन्जोजिकी स्टेशनला काही गाड्या पंधरा मिनिटं थांबतात, खडकांवर पाय मोकळे करता येतात.

‘सेइशुन १८’ पास (३ दिवस १०,००० येन) दोन्हीकडे चालतो, शिराकामीत आरक्षणाचे पैसे वेगळे. हिवाळ्यात तादामी बर्फामुळे अडते, गोनो वाऱ्यामुळे.

आईवडील बरोबर असतील तर गोनो. कॅमेरा आणि चिकाटी असेल तर तादामी, पण मग एका दिवसाचा हट्ट सोडून, मुक्काम करूनच.