वाळूच्या टायमरचा सेट – चौथीच्या वर्गात चार महिने वापरून

दिवाळीच्या सुट्टीत ऑनलाइन मागवला होता हा सेट. तीन टायमर, ३० सेकंद, १ मिनिट आणि ३ मिनिटं, प्रत्येकात वेगळ्या रंगाची वाळू, ३६० रुपयांना पडला. बाकीच्यांनी रिव्ह्यूमध्ये मुलांचे दात घासायला, अंडी उकडायला, खेळायला असं सगळं लिहिलंय, शाळेचं कुणीच लिहिलेलं नाही म्हणून मी लिहितेय.

मी धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते, पट २३. पोरं वर्गात बोलायचीच नाहीत. मधल्या सुट्टीत कान किटतील एवढी बडबड आणि तास सुरू झाला, मी काही विचारलं की सगळ्यांच्या माना खाली, हात वर करणारे तेच ठरलेले चार जण. मला वाटायचं लाजतात, घरी अभ्यास घेणारं कुणी नाही, वगैरे.

एका ट्रेनिंगमध्ये मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंच्या कामाबद्दल ऐकलं. त्यांनी १९७०च्या आसपास वर्गातले तास टेप करून ऐकले, तर शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतःच उत्तर सांगून टाकतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं मोठी येतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी पोरंही बोलतात. मी घरी येऊन विचार केला, आपण कुठे एवढी घाई करतो, म्हणून एक दिवस मोबाइलवर माझाच तास रेकॉर्ड केला आणि संध्याकाळी भाकरी करता करता ऐकला. खूप वाईट वाटलं. प्रश्न पुरता विचारून होत नाही तोच मी "हं, सांगा सांगा, पटकन" म्हणतेय, दर वेळी.

तर या सेटचा खरा उपयोग मला आवर घालायला झाला. प्रश्न विचारते, ३० सेकंदवाला उलटा करून खिडकीत ठेवते, वाळू संपेपर्यंत कुणी हात वर करायचा नाही आणि मीही तोंड उघडायचं नाही. मग १ मिनिटवाला, तेवढ्यात शेजारच्याशी बोलून घ्यायचं, मग सगळ्यांना सांगायचं. ही थिंक-पेअर-शेअर पद्धत, फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली. बी.एड., डी.एड.ला सगळ्यांनी वाचलेली असते, पण हातात घड्याळ नसलं की आपण पाच सेकंदांत उरकतो. सगळ्यांसमोर बोलायच्या आधी शेजारणीशी बोलून झालेलं असतं, चुकलं तरी दोघींतच राहतं, त्यामुळे भीती बरीच कमी होते. मोबाइलचा टायमर पण लावून बघितला होता, तो वाजला की पोरं दचकतात आणि सगळं लक्ष फोनकडे. वाळूचा आवाज नाही.

जानेवारीत विचारलं होतं, गावातली विहीर आटायला लागली तर सगळ्यात आधी कुणाला कळतं? वाळू संपली, शेजारी-शेजारी कुजबुज झाली, आणि खिडकीजवळची एक मुलगी, जूनपासून हजेरीशिवाय जिचा आवाज मी ऐकला नव्हता, ती म्हणाली, "मन्ही मायले. दोर कमी पडस." (आमच्याकडची अहिराणी, म्हणजे 'माझ्या आईला. दोर कमी पडतो.') मी पूर्वी असते तर "शाब्बास, आता शुद्ध मराठीत सांग" म्हटलं असतं आणि तिथेच तिला गप्प केलं असतं. त्या दिवशी उत्तरानंतरही थांबले (हे दुसरं थांबणंही रो बाईंनी सांगितलंय, आणि तेच जास्त अवघड जातं). मग ती पुढे बोलायला लागली, आई दुसरा दोर कसा जोडते, गाठ कुठे येते, बादली वर येताना हात कसे सोलतात. मग मागून एक जण म्हणाला आमच्या वावरात मोटर हवा ओढते, त्यावरून कळतं. पूर्ण तास पोरंच बोलत होती, अहिराणीत, मराठीत, जसं जमेल तसं. मी फळ्यावर दोन्ही लिहीत गेले.

पण एक सांगते, प्रश्न तसा पाहिजे. 'महाराष्ट्राची राजधानी कोणती' याला ३० सेकंद दिले तर पोरं कंटाळतात, तिथे मनात तीन आकडे मोजले तरी पुरतं. आणि पहिला आठवडा पोरं फक्त वाळूच बघत बसतात, विचार काही करत नाहीत, तेव्हा धीर सोडू नका.

आता वस्तूबद्दल. काच पातळ आहे, दोन्ही टोकांच्या टोप्या प्लास्टिकच्या, खाली पडला की गेलाच समजा. ३ मिनिटवाला मोबाइल लावून मोजला तर २ मिनिटं ३५ सेकंदांतच रिकामा होतो. गटात बोलायला चालून जातं, पण लिहिलंय ३ तर ३ पाहिजे ना. १ मिनिटवाल्याची निळी वाळू मधेच अडकते, नखाने टकटक करावं लागतं. विक्रेत्याला दोनदा मेसेज केला, उत्तर नाही. याचा एक स्टार कापला, बाकी चार दिले.

कुणी घेणार असेल तर तिन्हीचा सेट नका घेऊ, सुटे मिळाले तर ३० सेकंदवाले दोन घ्या, रोज लागतो तो तोच. मी अजून एक मागवलाय, तिसरीच्या सरांना पाहिजे आहे.