कॉर्न डिप: आठ महिन्यांचा अनुभव, बाटलीतलं आणि घरचं

गेल्या जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा लेकाच्या डब्यासाठी चीज-कॉर्न डिपची बाटली घरात आली. पोळीला लावायचं, सुरळी करायची, डबा चाटूनपुसून परत. आम्ही पाचपाखाडीत राहतो, मला सकाळी ठाणे स्टेशन गाठायचं असतं. त्या घाईत ही बाटली म्हणजे देवच पावला. शिवाय मनाला समाधान, की पोरगं मका खातंय.

चवीबद्दल तक्रार नाहीच. गोडसर, लसणाची हलकी चव, उघडल्यावरही फ्रीजमध्ये छान टिकायचं. पण सप्टेंबरात सासूबाईंचं बीपी वाढलं, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आणि मी घरातला एकेक डबा फिरवून वाचायला लागले. डिपच्या बाटलीवर पहिलं नाव तेलाचं, मग पाणी, मग साखर आणि चौथ्या जागी मका, ८ टक्के. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणजे मक्यापेक्षा साखर जास्त! शंभर ग्रॅमला ३८५ कॅलरी, ३७ ग्रॅम फॅट, प्रोटीन जेमतेम दीड ग्रॅम. नुसत्या उकडलेल्या स्वीट कॉर्नमध्ये शंभर ग्रॅमला ९५ च्या आसपास कॅलरी आणि तीन-साडेतीन ग्रॅम प्रोटीन असतं. मला खूप वाईट वाटलं. तीन महिने मी मक्याच्या नावाखाली तेल भरवत होते.

बाटलीवर एका वेळचं माप १५ ग्रॅम लिहिलं होतं, म्हणजे एक चमचा. संध्याकाळी लेकाने खाकऱ्यासोबत वाटीत काढून घेतलेलं डिप मी वजनकाट्यावर ठेवलं: ५२ ग्रॅम. पन्नास धरले तरी १९० कॅलरी झाल्या. सोडियम शंभर ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम, म्हणजे त्या वाटीत ४००. मिठाच्या भाषेत एक ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, आणि पोळी, भाजी, आमटी अजून बाकीच असते. सासूबाईंसाठी तर हा प्रश्न तिथेच मिटला.

ऑक्टोबरपासून घरी करतेय. जांभळी नाक्याच्या बाजारातून दोन अमेरिकन मक्याची कणसं आणते, साधारण दोनशे ग्रॅम दाणे निघतात. अर्धा किलो दही रात्री मलमलच्या फडक्यात टांगून ठेवते, सकाळी दोनशे ग्रॅमच्या आसपास चक्का मिळतो. पहिल्या दोन खेपा फसल्या. गरम दाणे चक्क्यात घातले तर चक्का फुटला, ओलसर घातले तर दुपारपर्यंत डब्यात पाणीच पाणी. आता दाणे उकडून, चाळणीत निथळून, पंचावर पसरून पूर्ण गार करते. निम्मे मिक्सरला जाडसर फिरवते, निम्मे अख्खे ठेवते. दाताखाली दाणा आला की डिप कमी लागतं, हा माझा अनुभव. मग एक चीज क्यूब किसून, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, जिरेपूड. मीठ चिमूटभर, कारण चीजमध्ये असतंच.

माझ्या हिशोबाने हे शंभर ग्रॅमला सव्वाशे कॅलरींच्या आत बसतं आणि प्रोटीन सहा ग्रॅमच्या जवळ जातं. मक्याच्या प्रोटीनमध्ये लायसिन हा शरीराला लागणारा घटक (अमिनो आम्ल) कमी असतो, तो दह्यात भरपूर असतो, त्यामुळे जोडी चांगली जमते. मक्याच्या पिवळेपणात ल्युटीन आणि झिअ‍ॅक्सँथिन ही रंगद्रव्यं असतात, डोळ्यांच्या पडद्यात असतात तीच. ती अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतो. म्हणून साय काढलेलं दही मी घेत नाही. फॅट अजिबात नको असं माझं म्हणणंच नाही.

एक गोष्ट मात्र घरच्या डिपलाही लागू आहे. सासऱ्यांना डायबेटिस आहे, आणि मका हे धान्य आहे, भाजी नव्हे. दोनशे ग्रॅम दाण्यांत ३८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं येतात. ते डिप घेतात त्या दिवशी एक पोळी कमी खातात आणि सोबत काकडी-गाजर असतं. तळलेल्या चिप्सबरोबर खाल्लं तर चक्क्याने वाचवलेलं सगळं चिप्समध्ये परत येतं. आमच्याकडे भाजलेला खाकरा चालतो.

तोटेही आहेत. तीन दिवसांच्या पुढे टिकत नाही, आंबट होतं. उकाडा वाढला की डब्यात देत नाही, मधल्या सुट्टीपर्यंत वासच बदलतो. बाजारात कोवळी कणसं नसतात तेव्हा फ्रोजन दाणे आणते. तेही चालतात, फक्त जास्त वेळ निथळावे लागतात. लेकाला पहिले पंधरा दिवस हे बाटलीसारखं गोड लागलं नाही, तेव्हा चिमूटभर साखर घालत होते. डिसेंबरात ती बंद केली, त्याच्या लक्षातही आलं नाही. सासूबाई याला मक्याचं रायतं म्हणतात आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात.