फिकट पडलेलं कोरल: जागेवर ठेवायचं, हलवायचं, बाहेर काढायचं की कापायचं?

रीफ टाकीतलं, म्हणजे कोरल पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं कोरल फिकट पडलं, मिटून बसलं किंवा बुडापासून सोलायला लागलं की समोर चार वाटा असतात. आहे तिथेच ठेवून प्रकाश उतरवायचा. टाकीतच दुसरी जागा द्यायची. बाहेर काढून डिप द्यायचा (औषधी द्रावणात थोडा वेळ बुडवायचं) आणि वेगळ्या टाकीत ठेवायचं. किंवा जिवंत भाग कापून तेवढा वाचवायचा. चारही वाटांनी कोरलं वाचली आहेत आणि चारही वाटांनी मेलीही आहेत. गोंधळ होतो तो बहुतेक वेळा एकाच ठिकाणी: ज्याला हात लावायचा नसतो त्याला लोक रोज हलवत राहतात, आणि जे आज संध्याकाळीच कापायला हवं त्याच्यापुढे ‘बघू दोन दिवस’ म्हणत बसतात.

आधी टिश्यू आहे का ते बघा

पांढरं पडलेलं कोरल आणि मेलेलं कोरल लांबून सारखंच दिसतं. कोरलचा रंग बराचसा त्याच्या अंगात राहणाऱ्या झूक्झँथेली या सूक्ष्म शैवालामुळे असतो. उष्णता किंवा प्रकाश सोसेनासा झाला की हे शैवाल बाहेर टाकलं जातं, टिश्यू, म्हणजे अंगावरचं जिवंत मांस, पारदर्शक होते आणि आतला चुन्याचा सांगाडा आरपार दिसू लागतो. हे ब्लीचिंग. प्राणी जिवंत आहे, पण उपाशी आहे, कारण त्याचं बहुतेक अन्न हे शैवालच बनवत होतं.

पंप बंद करा आणि टॉर्चचा उजेड तिरका पाडा. सांगाड्यावर पातळ आवरण आणि पॉलिपची (ज्या लहान लहान जिवांची कोरलची वसाहत बनते त्यांची) इवली टोकं दिसली तर ते ब्लीचिंग आहे. कडा धारदार आणि उघड्या दिसल्या, काही दिवसांत त्यांवर हिरवट थर धरू लागला, तर तिथली टिश्यू गेली आहे. पुढचा सगळा निर्णय या एका फरकावर अवलंबून आहे.

एक खोटी घंटा मात्र ओळखून ठेवा. सार्कोफायटॉनसारखी लेदर कोरलं अधूनमधून कित्येक दिवस मिटतात, अंगावर मेणचट पापुद्रा येतो आणि तो सोलून गेला की पुन्हा फुलतात. त्यांना थोडा जास्त प्रवाह मिळाला की पुरतं.

पाणी मोजल्याशिवाय चारपैकी काहीच करू नका

एकाच वेळी तीन-चार कोरलं नाराज दिसत असतील तर दोष पाण्यात किंवा लाइटमध्ये असतो. एकच बिघडलं आणि शेजारची मजेत असतील तर त्याची जागा, शेजारी किंवा अंगावरचा कीटक तपासा.

तापमान 25-26 अंश सेल्सियस, खारटपणा 35 पीपीटी (हजारात भाग), अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) 7 ते 9 डीकेएच (ती मोजायचं एकक), कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम (दशलक्षात भाग), मॅग्नेशियम 1,250 ते 1,400 पीपीएम, या पट्ट्यात बहुतेक कोरलं सुखी असतात. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) आधी 35 पीपीटीच्या द्रावणावर जुळवून घ्या. तो चुकीचा असेल तर तुम्ही स्वतःच्या हाताने खारटपणा बिघडवत असता. आकडा थोडा इकडेतिकडे असणं कोरल सोसतं, अचानक उडी सोसत नाही. अल्कलिनिटी घसरलेली सापडली तरी दिवसाला अर्ध्या डीकेएचच्या वेगानेच वर न्या.

नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य आले तर खूश होऊ नका. फार ‘स्वच्छ’ पाण्यातही कोरलं फिकट पडतात, आणि त्यात अल्कलिनिटी चढी असेल तर अक्रोपोरा या फांद्यांच्या कोरलची टोकं जळतात. नायट्रेट 2 ते 10 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम असू द्या.

जागेवर ठेवणं की हलवणं

ब्लीच झालेल्या, पण टिश्यू शाबूत असलेल्या कोरलला मी जागेवरच ठेवेन. जागा बदलली की प्रकाशाबरोबर प्रवाहही बदलतो, आणि हाताळताना पातळ टिश्यू सांगाड्याच्या टोकांवर फाटते. लाइटची तीव्रता 30-40 टक्क्यांनी उतरवणं सोपं आहे, आणि बाकीची कोरलं दोन-चार आठवडे ते निमूट सोसतात. तास कमी करून फारसं साधत नाही. इजा होते ती भर दुपारच्या तीव्रतेने. सगळी टाकी मंद करायची नसेल तर त्या कोरलच्या वर बारीक जाळीचा तुकडा लावा.

हलवण्याच्या बाजूने खरं कारण एकच: त्रास त्या जागेतच आहे. पंपाचा झोत थेट अंगावर येतोय, वाळू उडून बसतेय, किंवा रात्री शेजारी डंख मारतोय. गॅलॅक्सिया आणि टॉर्च या कोरलांचे लांब स्वीपर टेंटॅकल (डंख मारणारे तंतू) दिवसा दिसत नाहीत आणि एक वीत अंतरावरही पोचू शकतात. लाइट गेल्यावर तासाभराने टाकीत डोकावून बघा, भांडण तेव्हा चाललेलं असतं. हलवलंत तर एकदाच, आणि तिथे किमान दोन आठवडे राहू द्या. अंधाऱ्या कपारीत मात्र ढकलू नका. शैवाल परत वाढायला प्रकाश लागतोच.

या काळात एलपीएस (मोठ्या पॉलिपच्या) कोरलला भरवण्याचा फायदा मोठा आहे. टेंटॅकल बाहेर आले की बारीक केलेली मायसिस (कोळंबीसारखे इवले जीव) आठवड्यातून दोनदा, अगदी थोडी. सगळी कोरलं सारखं खात नाहीत, हेही लक्षात असू द्या. हवाईतल्या कोरलांवरच्या 2006 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ब्लीच झालेल्या माँटिपोरा कॅपिटाटा या कोरलने भक्ष्य पकडण्याचं प्रमाण इतकं वाढवलं की रोजची ऊर्जेची गरज त्यातूनच भागली. त्याच प्रयोगातल्या पोरायटीस जातींना ते जमलं नाही. त्यामुळे जे कोरल खात नाही त्याच्यावर अन्न ओतत राहिलात तर बिघडतं ते पाणीच.

डिप आणि वेगळी टाकी

ही वाट लोकांना सर्वात ‘काहीतरी केल्यासारखी’ वाटते, म्हणूनच ती गरजेपेक्षा जास्त वापरली जाते. डिप हा स्वतःच एक धक्का आहे. केवळ ब्लीच झालेल्या कोरलला त्यातून काही मिळत नाही.

डिप घ्यावा तो कीटक दिसला तर. अक्रोपोरावर चावल्यासारखे फिकट गोल डाग म्हणजे चपट्या कृमींची शंका. माँटिपोराच्या कडेने पांढरी खाल्लेली पट्टी आणि खालच्या बाजूला इवले पांढरे न्युडिब्रँक (बिनकवचाच्या समुद्री गोगलगायी). डिपने प्रौढ कीटक गळून पडतात, अंडी मात्र बहुधा वाचतात. म्हणून बुडाशी चिकटलेली अंडी खरवडायची आणि आठवड्याच्या अंतराने डिप पुन्हा द्यायचा. एकदाच डिप देऊन थांबणं म्हणजे कीटकांना मोकळं रान देणं.

युफिलियावर (टॉर्चसारख्या लांब टेंटॅकलच्या एलपीएसवर) तपकिरी, लिबलिबीत, कुजकट वासाचा थर दिसला तर विचार करायला वेळ नाही. पंप थांबवा, तो थर नळीने ओढून बाहेर काढा, कोरल उचला, डिप द्या. हा थर प्रवाहाबरोबर शेजारच्या डोक्यांवर (त्याच कोरलच्या बाकीच्या पॉलिपांवर) जातो.

वेगळ्या टाकीचा तोटा तिच्या लहानपणात आहे. वीस-तीस लिटर पाण्यात बाष्पीभवनाने खारटपणा एका दिवसात हलतो आणि तापमान खोलीबरोबर चढतं-उतरतं. मुख्य टाकी स्थिर असेल तर आजारी कोरल तिथेच जास्त सुरक्षित असतं. संसर्ग किंवा कीटक पसरण्याची भीती हाच अपवाद. ज्या टाकीत कधी माशांना तांब्याचं औषध दिलं असेल ती अजिबात वापरू नका.

कापणं

सर्वात क्रूर दिसणारी वाट, पण सोलत चाललेल्या एसपीएससाठी (अक्रोपोरासारख्या बारीक पॉलिपच्या कोरलसाठी) बहुतेकदा एवढीच उरते. किती वेगाने सोलतंय ते ठरवा. जिवंत आणि मृत भागातली रेघ कुठे आहे याचा रोज त्याच कोनातून फोटो काढा. रेघ आठवड्यात जेमतेम सरकली असेल तर पाणी सुधारून थांबायला हरकत नाही, कित्येकदा ती तिथेच थबकते. सकाळी बुडाशी असलेली रेघ संध्याकाळी मधोमध आली असेल तर मात्र कटर काढा. जलद नेक्रोसिस (टिश्यू मरून गळणं) अख्खी वसाहत एक-दोन दिवसांत उघडी पाडते.

कापायचं ते रेघेवर नाही; निरोगी दिसणाऱ्या टिश्यूत किमान सेंटिमीटरभर आत जाऊन. तुकडे सुपरग्लू जेलने वेगवेगळ्या प्लगवर (तुकडा चिकटवायच्या छोट्या बैठकीवर) बसवा आणि एका ठिकाणी न ठेवता मध्यम प्रकाशात पसरवा. फांद्यांच्या युफिलियाचं आजारी डोकं तोडणं सोपं असतं. भिंतीसारख्या सलग युफिलियात काप जिवंत मांसातून जातो, तिथे मी कापायचं शेवटपर्यंत टाळेन. झोअँथिड आणि पॅलिथोआ ही बिनसांगाड्याची कोरलं कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच: त्यांच्यात असणारं पॅलिटॉक्सिन हे विष जीवघेणं ठरू शकतं. ते कापताना चिळकांडी उडते. गरम पाणी ओतणं किंवा उकळणं तर कधीच नको, त्याच्या वाफेने घरातली माणसं इस्पितळात गेली आहेत.

किती दिवस वाट बघायची

ब्लीच झालेलं कोरल परतायला आठवडे नाही तर महिने घेतं. आधी मळकट तपकिरी छटा येते, मूळचा रंग बऱ्याच नंतर. तपकिरी दिसलं म्हणून लाइट एकदम पूर्ववत करू नका, तीन-चार आठवड्यांत टप्प्याटप्प्याने चढवा.

टिश्यू गेलेला एसपीएसचा सांगाडा ठेवून काही मिळत नाही. एलपीएसच्या बाबतीत मात्र घाई नको. स्पेनच्या कोलुंब्रेतेस बेटांजवळ क्लाडोकोरा सेस्पिटोसा या कोरलची काही डोकी उष्णतेच्या लाटेनंतर मेल्यासारखी दिसत होती. पॉलिप प्रत्यक्षात आक्रसून सांगाड्याच्या आत खोल गेले होते आणि पुढे तिथूनच नवी डोकी फुटली. हे निरीक्षण 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा कुजकट वास नसलेला एलपीएसचा सांगाडा मंद प्रकाशात, हलक्या प्रवाहात, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायींच्या वाटेवर काही महिने राहू द्या.