अंथरुणाला खिळलेला माजी सैनिक: नर्सिंग होम, वृद्धाश्रम की घर?

सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत फौजी नाही असं घर शोधावं लागतं. त्यातले बरेच आता ऐंशीच्या घरात आहेत. मुलगा पोस्टिंगवर, सून नातवंडांच्या शाळेपायी पुण्यात. अशात पक्षाघात झाला किंवा खुबा मोडला की पहिला प्रश्न महिन्याच्या खर्चाचा निघतो. त्याआधी विचारायला हवं ते वेगळंच: या जागेची तपासणी कोण करतं, आणि काही बिघडलं तर अर्ज कुणाकडे करायचा?

या कसोटीवर नोंदणीकृत नर्सिंग होम सर्वांत भक्कम. त्याला १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे. सातारा शहरात नोंदणी आणि तपासणीचं काम जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, तर सांगली-मिरज-कुपवाडमध्ये महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. नोंदणीपत्र दर्शनी भागात लावावंच लागतं. त्यावरची मुदत वाचा. २०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्क सनद लावणंही बंधनकारक केलं आहे. बाहेर ‘केअर सेंटर’ अशी पाटी आणि आत भिंतीवर फक्त गुमास्ता परवाना असेल, तर वैद्यकीय तपासणीला तिथे कुणी येत असेल हे गृहीत धरू नका. नळी किंवा जखम असलेला रुग्ण तिथे ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ट्रस्टचा वृद्धाश्रम स्वस्त पडतो, माणसांत राहायला मिळतं. मात्र धर्मादाय कार्यालय पाहतं ते ट्रस्टचे हिशेब, रुग्णाची पाठ नव्हे. स्वतः उठून जेवायला जाणाऱ्यासाठी ही जागा चांगली. कूस बदलायलाही माणूस लागणाऱ्यासाठी नाही.

घरी तपासणीला कुणीच येत नाही, पण रोजची नजर आपली असते. सेवेमुळे शंभर टक्के अपंगत्व आलेल्या निवृत्तिवेतनधारकाला वैद्यकीय मंडळाची शिफारस असेल तर मदतनीस भत्ता मिळतो. कागदपत्रांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. मणक्याच्या दुखापतीने कमरेखाली लुळं पडलेल्यांसाठी मात्र खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात आधी चौकशी करावी.

खरा घोळ होतो तो ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा. ही योजना उपचारांचा खर्च देते, नुसत्या सांभाळण्याचा नाही. पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेशी जोडलेल्या रुग्णालयाने डिस्चार्ज दिला की पुढचं सांभाळण्याचं बिल कुटुंबाचं. मग केअर सेंटरमध्ये रात्री धाप लागते, तिथले लोक आपल्या ओळखीच्या, पॅनेलबाहेरच्या दवाखान्यात हलवतात आणि पॉलिक्लिनिकला, म्हणजे योजनेच्या स्थानिक दवाखान्याला कुणी कळवतच नाही. पॅनेलबाहेर तातडीने दाखल केल्यास ४८ तासांत कळवावं लागतं. ते राहिलं की परतफेड अडकते. म्हणून दाखल करतानाच फायलीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लावा: स्मार्ट कार्डाची प्रत, पॉलिक्लिनिकचा फोन आणि जवळच्या पॅनेल रुग्णालयाचं नाव. पॅनेलवरच्या रुग्णालयाने मंजूर उपचारांसाठी रोख मागितली, तर लेखी तक्रार आधी पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे, मग पुण्याच्या प्रादेशिक केंद्राकडे.

जागा पाहायला जाताना भेटीची वेळ ठरवू नका, संध्याकाळी सातनंतर जा. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली टांगलेली, पण जमिनीला न टेकलेली हवी. नाकातल्या नळीतून भरवताना डोकं निदान तीस अंश वर हवं, नाहीतर अन्न श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे कूस बदलण्याचा तक्ता. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची असते. रात्री दहा, बारा, दोन, चार अशा सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच तिरकेपणाने, एका दमात केल्यासारख्या दिसल्या तर त्या सकाळी बसून भरलेल्या असण्याची दाट शक्यता. अशा वेळी परवानगी घेऊन माकडहाड आणि टाचा बघा. लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावरही तसाच लाल राहिला, तर ती दाबव्रणाची (बेडसोरची) सुरुवात आहे.

दाखल केल्यावर दरमहा वजन लिहून मागा. महिन्यात पाच टक्के, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो वजन उतरलं, तर डॉक्टरांकडून लेखी कारण घ्या. ते मिळत नसेल तर सातारा शहरात अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांकडे द्या, आणि आपल्या प्रतीवर पोहोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.